हात तयार आहे, पण पेटी बोलत नाही. मुलांना भाव शिकवायचा तरी कसा?

मंद्रसप्तक (सांगली)
३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेली अठरा वर्षं घरीच पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, वर्ग घेतो. सध्या बावीस जण येतात, आठ वर्षांच्या पोरापासून नोकरीतून निवृत्त झालेल्या एका काकांपर्यंत. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथे मांडतो.

माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आहे, पाच वर्षं शिकतेय. अलंकार (स्वरांचे सराव) तिन्ही लयींत स्वच्छ, भीमपलासी रागाची मध्यलयीतली गत (शब्दांशिवायची, वाद्यावरची रचना) तानांसकट पाठ, बोट कुठे अडत नाही, सम (तालाची पहिली मात्रा) चुकत नाही. परीक्षेतही उत्तम गुण. गेल्या महिन्यात तिनं वर्गात सगळ्यांसमोर भीमपलासी वाजवला. वाजवून झाला आणि खोलीत काहीच घडलं नाही. कुणाची मान हलली नाही, कुणाच्या तोंडून ‘वा’ निघालं नाही. तिच्या पाठोपाठ नऊ वर्षांच्या एका पोरानं साधं भजन वाजवलं. दोनदा चुकला, पण निम्मा वर्ग त्याच्याबरोबर गुणगुणत होता.

जाताना चपला घालता घालता ती म्हणाली, “सर, माझं काय चुकलं?” चुकलं काहीच नव्हतं. तेच मी तिला सांगितलं, आणि या उत्तराचा तिला काही उपयोग नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हापासून मला चैन नाही.

आमचे गुरुजी म्हणायचे, “जीव ओत.” मीही अठरा वर्षं तेच म्हणत आलो. पण जीव ओतायचा म्हणजे उजव्या हातानं काय करायचं, डाव्यानं काय करायचं? हे मला पोरांना नीट सांगता येत नाही. आणि पेटीच्या बाबतीत हे जास्तच अवघड. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराला दिलेला झोका) नाही, पट्टी दाबली की सूर तयार. आकाशवाणीवर १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागचा एक मोठा आक्षेप हाच होता. पण अप्पा जळगावकरांची साथ ज्यांनी ऐकली, तुळशीदास बोरकरांचं एकलवादन ज्यांनी ऐकलं, त्यांना पेटी गाते हे पटवून द्यावं लागत नाही. मग ही माणसं नेमकं काय करत होती, ते सुटं करून मुलांना शिकवता येईल का? जे शिकवतात, शिकतात, ऐकतात, त्या सगळ्यांनी लिहा.


जुनी_बैठक
३ जून, रात्री ११:०५

सर, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तेराव्या वर्षी भाव मागू नये. आमच्याकडून तीन वर्षं फक्त अलंकार आणि पलटे घेतले होते. चौथ्या वर्षी पहिला राग. भाव हा शब्द गुरुजींनी कधी काढलाच नाही. हात तयार झाला, आयुष्यात चार बरे-वाईट दिवस आले, की तो आपोआप उतरतो. त्या मुलीचं काही चुकलं नाही हे तुम्ही तिला सांगितलंत ते योग्यच केलंत. तिला वाजवू द्या.


खर्जातला_सा (पुणे)
४ जून, सकाळी ७:३०

बैठकदादा, मी गाणं शिकवते, आणि याच्याशी मी अजिबात सहमत नाही. आपोआप उतरतो तो ज्यांचा उतरला त्यांचा. ज्यांचा उतरला नाही ती मुलं दहावीला वाद्य बंद करून माळ्यावर ठेवून देतात. त्यांची संख्या आपण कधी मोजलीच नाही. आणि नऊ वर्षांच्या त्या पोराच्या आयुष्यात बरे-वाईट दिवस कुठून आले?

मंद्रसप्तक सर, एकच प्रश्न. ती मुलगी गाते का? छान गाते का, असं विचारत नाही. जे वाजवते ते तिला तोंडानं म्हणता येतं का?

माझ्याकडे पेटीवाली मुलं येतात तेव्हा मी पहिले पंधरा दिवस त्यांना पेटी उघडू देत नाही. भीमपलासीचंच घ्या. स्वरलिपीत कोमल गंधार म्हणजे एक अक्षर आणि त्याखाली आडवी रेघ. पण भीमपलासीतला गंधार मध्यमाला स्पर्श करून येतो आणि निषाद षड्जाला स्पर्श करून. तो मध्यम काढून घेतला तर उरते फक्त पट्टी. भातखंडे लिपीत कण, म्हणजे हा स्पर्श, लिहिता येतो, मुलं तो वाजवतातही, पण दोन वेगळ्या पट्ट्या दाबल्यासारखा, टक-टक. गळ्यानं म्हटलं की तो कण मूळ स्वराला किती चिकटलेला आहे ते कळतं, मग बोट आपोआप तसं पडतं. मुलीला बंदिशीचे शब्द आहेत का? गत असेल तर तिच्या जागी एखादी बंदिश द्या, शब्द म्हणायला लावा आणि शब्द म्हणत वाजवायला लावा. शब्दाच्या मध्येच भाता संपला तर तिलाच चुकल्यासारखं वाटेल.

पेटीवादक गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत आणि त्या बसण्यातूनच शिकले. साथ म्हणजे गळ्याच्या मागे जाणं. आपली मुलं गळ्याच्या मागे कधी गेलेलीच नसतात, ती कागदाच्या मागे जातात.


भाता_आणि_झडप
४ जून, दुपारी १:५०

मी वाजवत नाही, पेट्या दुरुस्त करतो. वडिलांचाच धंदा. भावातलं मला कळत नाही, पण सर, मुलगी कुठली पेटी वाजवते ते आधी बघा.

पेटीत भाते दोन. बाहेरचा, जो आपण हलवतो, आणि आतला, जो स्प्रिंगवर बसलेला असतो. बाहेरचा हवा आत ढकलतो, आतला ती साठवतो आणि सारख्या दाबानं सुरांकडे, म्हणजे आतल्या धातूच्या पात्यांकडे, सोडतो. पट्टी दाबली की तिच्याखालची झडप उघडते आणि सूर बोलतो. आतला भाता बराचसा भरलेला ठेवून बाहेरच्यावर हलका दाब दिला, की तो दाब आवाजात उतरतो. सोडला की आवाज निवतो. चांगला वादक डाव्या हातानं हेच करत असतो, बघणाऱ्याला दिसतही नाही.

आता भात्याचं कापड किंवा चामडं विरलेलं असेल, जोडाला फट असेल, तर हवा साठतच नाही. मूल बिचारं धपाधप भाता मारत राहतं, कारण हळू मारला तर आवाज बंद पडतो. अशा पेटीवर हळू वाजवताच येत नाही. घरी करून बघा. एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरा आणि हात काढा. आतला भाता बघता बघता बसला तर गळती आहे. वर्गातल्या चांगल्या पेटीशी ताडून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरं सुरांचं. गुजरातमधल्या पालिताण्याचे जुने, चांगले लावलेले सूर थोड्या हवेत बोलतात. स्वस्त पेटीतले सूर जोर दिल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, खर्जाचे तर मुळातच उशिरा बोलतात. मुलाला वाटतं आपलाच हात कमी पडला.

माझ्याकडे पालक पेटी आणतात ती बहुतेक पट्टी तुटली किंवा सूर बंद पडला म्हणून. भाता गळतो म्हणून वर्षात चार जण येत असतील.


तिरकिट (कोल्हापूर)
४ जून, रात्री ९:४०

मी तबलावाला. सर, तुमचं वर्णन दोनदा वाचलं. बोट अडत नाही, सम चुकत नाही, सगळं एकसारखं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं. ही मुलगी लेहरा धरते का हो?

तबल्याच्या एकलवादनाला आम्हाला असाच लेहरा लागतो. सोळा मात्रांचं एक आवर्तन, तेच, पुन्हा पुन्हा, अर्धा तास. त्यात वादकानं भाव ओतला, मध्ये थांबला, सूर फुलवला, तर आमचा कायदा (तबल्यावरची बांधीव रचना) कोसळतो. चांगला लेहरा भिंतीसारखा असतो, आम्ही त्याला पाठ टेकून वाजवतो. ते काम अवघड आहे, त्याला मान मिळत नाही, आणि ते करणाऱ्यांचा मी आयुष्यभर ऋणी आहे. पण तोच हात रागाला लावला तर रागाचीही भिंत होते.

माझा अंदाज चुकीचाही असेल.


मंद्रसप्तक
५ जून, सकाळी ६:१५

तिरकिट, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप लागली नाही.

हो. दोन वर्षं. शेजारच्या गल्लीत तबल्याचा वर्ग आहे, दर शनिवारी ती तिथे लेहरा धरते. मीच पाठवली. लय पक्की होईल म्हणून. तिथले सर तिचं फार कौतुक करतात, “ही बसली की घड्याळाची गरज नाही” म्हणतात, आणि मीही ते वर्गात सगळ्यांना सांगत असतो. म्हणजे गेली दोन वर्षं मी तिला एकाच गोष्टीची शाबासकी देतोय, आणि आता विचारतोय की दुसरी का येत नाही.

काल दुपारी तिचा भाता बघितला. बरोबर दोन-दोन मात्रांनी पडतो, समेवर थोडा जोरात. भीमपलासी वाजवतानाही. कित्येक वेळा समोर बसून ऐकलंय, लक्ष फक्त उजव्या हातावर.


जुनी_बैठक
५ जून, सकाळी ९:२०

हे मात्र लक्षात आलं नव्हतं. तरी म्हणतो, लेहरा बंद करू नका. लय गेली तर परत मिळवायला फार वर्षं लागतात.


देवगडचो_बुवा
५ जून, दुपारी ४:००

आमच्याकडे तळकोकणात भजनी मंडळांत पोरं पेटी अशीच शिकतात, कुणाचं तरी बघून. डबलबारीला बुवा स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो. समोर दुसरा बुवा बसलेला असतो, गाव ऐकत असतो, रात्र चढत जाते. तिथे पेटी कोरडी वाजून चालतच नाही. स्वरलिपी कुणाला वाचता येत नाही, अलंकार म्हणजे काय ते अर्ध्यांना माहीत नाही, बोटंही शास्त्राप्रमाणे पडत नाहीत. तुमच्या त्या मुलीनं आमच्या पोरांना तास शिकवावं इतका तिचा हात चांगला असणार.

पण एक गोष्ट आमच्या पोरांना येते. गाताना जिथे श्वास घेतो तिथेच भाता फिरतो. शिकवावं लागत नाही, कारण तोंड आणि हात एकाच माणसाचे. अभंगाची ओळ संपली की भाता उतरतो, गजर आला की चढतो. वरच्या ताईंनी लिहिलंय ते अगदी खरं. त्या मुलीला चार दिवस कुठल्यातरी भजनात बसवा, मागच्या रांगेत, नुसती टाळ घेऊन. मग पेटी द्या.


दूरदेशी (न्यू जर्सी)
५ जून, रात्री ११:३०

इथल्या मराठी मुलांना मी शनिवार-रविवार ऑनलाइन पेटी शिकवते. एक अनुभव सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दीड वर्ष मला वाटत होतं की माझी सगळीच मुलं सपाट वाजवतात. मग एका मुलाच्या घरी जेवायला गेले, त्यानं समोर बसून वाजवलं आणि मी थक्क झाले. किती हळू घेत होता, किती सुंदर उतरत होता. व्हिडिओ कॉलचं ॲप बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते हळू आवाज वर उचलतं, मोठा दाबतं, आणि लांब धरलेला सूर तर त्याला पंख्याचा आवाज वाटतो, कापूनच टाकतं. त्या मुलानं दीड वर्ष जे केलं ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि मी त्याला दर आठवड्याला “थोडा भाव आण रे” म्हणत होते. घरी परतताना गाडीत मला रडू आलं.

आता आवाज साफ करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करायला लावते. त्यापेक्षाही, आठवड्यातून एकदा फोनच्या रेकॉर्डरवर वाजवून पाठवायला सांगते, कॉलवर नाही. फोन पेटीपासून चार हात लांब ठेवायचा. मुलं पाठवण्याआधी स्वतः ऐकतात, आवडलं नाही तर पुन्हा वाजवतात. सहा-सात वेळा करून मगच पाठवतात. माझ्या शिकवण्यानं झालं नसतं तेवढं त्या सहा-सात वेळांनी होतं.


एक_आई
६ जून, सकाळी १०:४५

मला संगीतातलं काही येत नाही, इथे लिहावं की नाही असा विचार करत होते. माझा मुलगा चौदा वर्षांचा, बासरी शिकतो. घरी एकटा असताना तो इतकं हळवं वाजवतो की मी स्वयंपाकघरात काम थांबवून ऐकते. वर्गात तोच मुलगा काठीसारखा. एकदा विचारलं तर म्हणाला, “सगळे बघत असतात ना.”

सर, तेरा वर्षं हे वयच असं आहे. मैत्रिणींसमोर मन उघडं करायची लाज वाटते. बरोबर वाजवणं सुरक्षित असतं, त्यात कुणी हसत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ती लाज अजून आलेली नाही. त्या मुलीला कधी एकटीला ऐकलंय का तुम्ही?


पणजी_पियानो
६ जून, दुपारी ३:१०

आईंचा प्रतिसाद फार मोलाचा. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याला मी माझ्याकडे पाठ करून वाजवायला सांगायचे आणि मीही खिडकीतून बाहेर बघत बसायचे. दोन महिन्यांनी त्यानं स्वतःच स्टूल फिरवलं.

मी पियानो आणि व्हायोलिन शिकवते, त्यामुळे वाद्य वेगळं, पण दुखणं तेच. आमच्या स्वरलिपीत हळू, जोरात, वाढवत न्या, उतरवत आणा, सगळं छापलेलं असतं. तरी मुलं सपाट वाजवतात. छापून प्रश्न सुटत नाही, हे तुम्हाला आमच्याकडून खात्रीनं घेता येईल. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना आधी सोल्फा (दो-रे-मी, आपल्या सा-रे-गसारखं) म्हणायला शिकवत आणि मगच हातात व्हायोलिन देत. खर्जातल्या ताई पंधरा दिवस पेटी उघडू देत नाहीत, ते वाचून मला माझ्या आजोबांची आठवण झाली. तेही याच पद्धतीत शिकले.

मी एक करते. एखादी ओळ मुलाला मुद्दाम अति करून वाजवायला लावते. नाटकात ओरडतात तसं. सुरुवात ऐकू येणार नाही इतकी हळू, मधला स्वर छत उडेल इतका जोरात, शेवट विझत विझत. मुलं हसतात, लाज तिथेच अर्धी जाते. मग म्हणायचं, आता याच्या निम्मं कर. शून्यातून थोडं वर आणणं मुलांना जमत नाही, वरून खाली उतरणं जमतं.


खर्जातला_सा
६ जून, रात्री ८:२०

पणजीताई, हे उद्याच करून बघते.

सर, आणखी एक सुचतंय. तिला मारवा राग द्या. शिकवायला जरा लवकर आहे, माहीत आहे. पण आलापात षड्ज टाळायचा, कोमल रिषभावर आणि धैवतावर थांबत राहायचं, आणि बऱ्याच वेळानं षड्जावर यायचं. भीमपलासीत षड्ज, मध्यम ही विसाव्याची ठिकाणं चटकन सापडतात, मूल तिथे बसतं आणि पुढे जातं. मारव्यात घरी जायलाच मिळत नाही. ते अवघडलेपण पोटात जाणवतं, भाव म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज उरत नाही. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलींना नुसता तेवढाच आलाप देते, बंदिश नाही, ताल नाही. षड्जाला पोचल्यावर त्यांच्या तोंडून जो श्वास सुटतो तो ऐकण्यासारखा असतो.

ताल नाही हे तिच्यासाठी जास्त महत्त्वाचं. भात्याला मोजायला काही मिळणार नाही.


मंद्रसप्तक
२९ जून, रात्री १०:३०

तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते. काय झालं ते सविस्तर लिहितो.

भाता_आणि_झडप, तुमचं पहिलं. तिच्या घरची पेटी बघायला गेलो. भाता भरून हात काढला, तीन मोजेपर्यंत बसला. मागच्या बाजूचा जोड उघडलेला. पाच वर्षं ती पोर या पेटीवर रोज तासभर बसतेय आणि मी एकदाही तिच्या घरी गेलो नव्हतो. आता वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पेट्या बघायचं ठरवलंय, नऊ झाल्या, त्यांतल्या चार गळक्या निघाल्या. तिची दुरुस्त करून आणली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “सर, ही पेटी ओरडत नाहीये.”

मग एकच पट्टी. हे मला रात्री पडल्या पडल्या सुचलं. तिला म्हटलं, काळी चारचा (चौथ्या काळ्या पट्टीचा) सा धर, दुसऱ्या पट्टीला हात लावायचा नाही, आणि मला पेटीवर म्हणून दाखव, “आई, भूक लागली.” ती बघतच राहिली. मी आधी करून दाखवलं. ‘आई’चा ई लांबवला, भाता हलकेच वाढवला, थोडा थांबलो, ‘भूक’ आखूड, ‘लागली’ उतरत. मग म्हटलं, आता रागावलेली आई म्हणते, “भूक लागली?” तेच शब्द, तोच स्वर. हे तिला पाच मिनिटांत जमलं. स्वर एकच, त्यामुळे उजव्या हाताला कामच नव्हतं, सगळं डाव्या हातावर आलं. पट्टी अर्धीच दाबली तर सूर दबकत येतो हेही तिनं स्वतःच शोधलं, मी शिकवलं नव्हतं. आता सगळा वर्ग हा खेळ खेळतो. एक वाजवतो, बाकीचे ओळखतात काय म्हणाला. लहानग्यांचा तर दंगा असतो.

शब्द म्हणत वाजवणं अवघड गेलं. तिला गायची लाज वाटते. मग एक आईंनी लिहिलेलं आठवलं आणि तिला आठवड्यातून एक दिवस अर्धा तास आधी बोलावलं, कुणी नसताना. मी शेजारच्या खोलीत बसायचो, दार उघडं ठेवून. पहिल्या दोन वेळा नुसती पेटी ऐकू आली. तिसऱ्या वेळेला बारीक आवाजात शब्द.

भजनाला नेलं, गल्लीतल्याच मंडळात. बुवा, टाळ घेऊन मागच्या रांगेत बसली, तुम्ही म्हणालात तशी. परतताना तिला विचारलं काय ऐकलंस, तर म्हणाली, पेटीवाले आजोबा गाणाऱ्यांसाठी वाट बघतात.

पणजीताई, अति करून वाजवणं तिच्याबाबतीत फसलं. ती फार संकोचली. पण काकांना ते इतकं लागू पडलं की त्यांच्या घरून फोन आला, आता हे रात्री अकराला छत उडवतात म्हणून. फार आनंदानं करताहेत.

आणि मारवा. ताई, मी धाडस केलं. फक्त आलाप, तोही म्हणत म्हणत. पहिले दोन आठवडे ती षड्जाकडे पळायची, सवयीनं. मी काही बोलायचो नाही, फक्त पुन्हा सुरू कर म्हणायचो. परवा ती धैवतावर थांबली. भाता हळूहळू उतरू दिला, सूर जवळजवळ विझला, पण तुटला नाही, मग जेमतेम दाब देऊन परत उचलला आणि रिषभावर आली. शेजारच्या खोलीत मी उभा राहिलो होतो. त्यानंतर लगेच दोन जागी चुकली, पुढचं सगळं विस्कटलं. पण तो एक धैवत माझ्या कानात अजून आहे.

भीमपलासी अजून सपाटच आहे. त्याची सवय जुनी आहे, वेळ लागणार.

आता अडचण. काल शनिवारी लेहऱ्याहून आली ती रडवेली होऊन. आवर्तनाच्या शेवटी तिचा भाता थांबतो, समेला क्षणभर उशीर होतो. तबल्याच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय झालं ग तुला?” मला म्हणाली, “सर, आता मला तेही येईना.” मी काय सांगू तिला?


जुनी_बैठक
३० जून, सकाळी ८:००

याचीच मला काळजी होती. पण मारव्यातल्या धैवताचं वाचून मी सकाळी पेटी काढून बसलो होतो, हेही सांगतो. माझा गुरुजींकडचा मारवा चाळीस वर्षं जुना आहे. तसा धैवत मी कधी सोडून बघितला नव्हता. हात कधी मोकळा सोडलाच नाही.

लय जपा तिची. माझं म्हणणं तेवढंच आहे.


तिरकिट
३० जून, दुपारी १२:२५

सर, तिला सांगा की हे होणारच होतं आणि हे तात्पुरतं आहे. आतापर्यंत तिचा एकच हात होता, आता दोन झालेत, कुठे कुठला लावायचा हे कळायला वेळ लागेल. मीही एकलवादन आणि ठुमरीची साथ एकाच आठवड्यात करतो तेव्हा पहिली दहा मिनिटं चाचपडतो. ठुमरीत ठेका झुलवायचा असतो, एकलवादनात झुलवला की मेलो.

एक करून बघा. लेहऱ्याआधी तिला पेटी न उघडता दोन आवर्तनं हातावर टाळी देत म्हणायला लावा, आणि भात्याचं माप वेगळं ठरवून द्या, समेवर भाता मुळीच मारायचा नाही, तेराव्या मात्रेला भरून घ्यायचा. म्हणजे समेपर्यंत हवा पुरेल आणि हाताला थांबायचं कारण राहणार नाही. बोटांनी लय धरायची, भात्यानं नाही. हे तिला आधीही कुणी सांगितलेलं नसणार, म्हणून तर तिचा भाता मात्रांवर पडत होता.

येत्या शनिवारी मी मिरजेला एका कार्यक्रमासाठी येतोय, संध्याकाळी आहे. दुपारी मोकळा आहे. चालणार असेल तर तासभर येतो तुमच्याकडे, तिनं लेहरा धरावा, मी वाजवतो. फक्त ती, तुम्ही आणि मी. उशीर झाला तर झाला, मी थांबेन तिच्यासाठी.


मंद्रसप्तक
३० जून, दुपारी १:०५

नक्की या. तिला आत्ताच कळवलं. तिचा पहिला प्रश्न, “त्यांना काळी चार चालेल का?”


तिरकिट
३० जून, दुपारी १:१२

चालेल. तबला त्याच पट्टीचा आणतो.